सुतापासून शतांशापर्यंत

लांज्याच्या बाजारपेठेत स्लॅबसाठी सळई घ्यायला आलेला माणूस आजही 'तीन सुती' किंवा 'चार सुती' मागतो. दुकानदार बिल करतो ते दहा आणि बारा मिलिमीटरच्या सळईचे. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, ३.१७५ मिलिमीटर. हिशेबाने तीन सूत ९.५२५ मिलिमीटर होतात आणि चार सूत १२.७. गिऱ्हाईक आणि दुकानदार दोघेही हा फरक सोडून देतात, कारण त्या व्यवहारात त्याने काही अडत नाही. त्याच बाजारात लेथ चालवणाऱ्याच्या हातात मात्र असे हत्यार असते, ज्याच्या काचेवर मिलिमीटरचा शंभरावा भाग दिसतो. त्याच्या कामात अर्ध्या मिलिमीटरचा फरक पडला, तर शाफ्ट भंगारात जातो.

त्या हत्याराला सगळे 'डिजिटल व्हर्निअर' म्हणतात. खरे पाहता त्यावर व्हर्निअरची पट्टी नसतेच. तरी नाव टिकले आहे, आणि त्या नावामागे चारशे वर्षांचा इतिहास आहे. हे हत्यार आता काहीशे रुपयांपासून मिळते, त्यामुळे ते तालुक्याच्या गावात पोचले. ते कसे पोचले आणि पोचताना काय मागे राहिले, हे पाहणे या लेखाचा हेतू आहे.

अंगुळ, तसू, सूत

आपल्याकडची जुनी मापे शरीरावरून आणि धान्यावरून आली. आठ यवांचे एक अंगुळ, चोवीस अंगुळांचा एक हात, हे कोष्टक कौटिल्याच्या अर्थशास्त्रापासून चालत आले आहे. मुंबई इलाख्यात सुतार आणि कापडवाले तसू वापरत. सोळा तसूंचा हात, चोवीस तसूंचा गज. मुंबईचा हात १८ इंचांचा आणि गज २७ इंचांचा धरला जाई, म्हणजे एक तसू सव्वा इंचाला थोडा कमी, नेमका १ १/८ इंच.

ही मापे ओबडधोबड होती असे समजणे चुकीचे ठरेल. गुजरातेत लोथल येथे सापडलेल्या हस्तिदंती पट्टीवर सुमारे १.७ मिलिमीटर अंतराच्या रेघा आहेत. बारीक मोजण्याची नजर आपल्या कारागिरांकडे जुनीच होती. फरक होता तो कामाच्या रीतीत. सुतार चौकटीच्या भोकाला बसेल अशी कूस तासत असे. लोहार कुदळीच्या नेढ्यात बसेल असा दांडा निवडत असे. एक वस्तू दुसरीला लावून बघायची आणि जमेपर्यंत घासायची, या पद्धतीत आकडा लागतच नाही. त्याच जागी दुसऱ्या गावात बनलेला भाग आणून बसवायचा झाला की आकडा लागतो.

गिरणी, रेल्वे आणि इंच

ही गरज कोकणच्या माणसाला मुंबईत भेटली. १८५३ मध्ये बोरीबंदर ते ठाणे रेल्वे धावली. १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी उभारण्याचे काम हाती घेतले आणि दोन वर्षांत ती चालू झाली. पुढे गिरण्यांना मनुष्यबळ पुरवणाऱ्या जिल्ह्यांत रत्नागिरी आघाडीवर राहिला. गिरणीत माग चालवणारे होते, तसेच यंत्रे दुरुस्त करणारे फिटर, टर्नर आणि लोहारही होते. तिथली यंत्रे इंग्लंडमधून येत, तिथले बोल्ट जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये सुचवलेल्या आट्यांचे असत, आणि मोजमाप इंचात, सुतात आणि 'थाऊ'मध्ये, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागात चाले.

शिक्षणाची सोयही याच काळात झाली. १८८७ मध्ये मुंबईत व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूट सुरू झाली. तिथे शिकवणारे लक्ष्मणराव किर्लोस्कर पुढे बेळगावला गेले. १८८८ मध्ये सुरू झालेल्या सायकलच्या दुकानातून नांगर, कडबा कापण्याची यंत्रे आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. नांगराचा फाळ झिजला की शेतकऱ्याने नवा आणावा आणि स्वतःच्या हाताने बसवावा, ही सोय द्यायची तर कारखान्यात प्रत्येक फाळाची भोके एकाच मापाची पडावी लागतात. मराठी मुलखात यंत्राचा सुटा भाग विकत मिळू लागला, तो अशा मोजमापाच्या बळावर.

कामगाराला परवडलेले हत्यार

पिएर व्हर्निअर या फ्रेंच गणितज्ञाने १६३१ मध्ये आपल्या सरकत्या पट्टीची कल्पना छापली. मुख्य पट्टीवरच्या ४९ मिलिमीटरएवढ्या लांबीचे सरकत्या पट्टीवर ५० समान भाग केले, तर दोन्हींच्या एका भागात ०.०२ मिलिमीटरचा फरक राहतो. कोणती रेघ कोणत्या रेघेला जुळली एवढेच बघायचे, आणि डोळ्याला न दिसणारा भाग वाचता येतो. व्हर्निअरने ही युक्ती कोन मोजण्याच्या उपकरणासाठी काढली होती. दोन शतके ती मुख्यतः खगोल आणि भूमापनाच्या उपकरणांवर राहिली.

वर्कशॉपमध्ये ती आली १८५१ मध्ये. अमेरिकेतील प्रॉव्हिडन्स गावच्या जोसेफ ब्राउनने इंचाचा हजारावा भाग वाचणारा कॅलिपर विक्रीला आणला. त्याचे मोठेपण किमतीत होते. साध्या कारागिराला स्वतःच्या पैशाने घेता येईल असे ते बारीक मोजणारे पहिले हत्यार मानले जाते. स्वस्त कॅलिपर कोणता घ्यावा हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

आकडा दिसला तरी तो बरोबर आहे हे कशावरून? याचे उत्तर स्वीडनमधून आले. एस्किलस्टुना येथील बंदूक कारखान्यात काम करणाऱ्या कार्ल एडवर्ड योहान्सनने १८९६ च्या सुमारास पोलादी ठोकळ्यांचा संच योजला. १०२ ठोकळे वेगवेगळ्या रीतीने जोडले की १ ते २०१ मिलिमीटरपर्यंतचे प्रत्येक माप शतांशाच्या टप्प्याने तयार होते. हे ठोकळे घासण्यासाठी त्याने घरी पत्नीचे शिवणयंत्र बदलून वापरले. आज कारखान्यात ज्यांना स्लिप गेज म्हणतात ते हेच. कॅलिपर आणि मायक्रोमीटर यांची परीक्षा या ठोकळ्यांवर होते, ठोकळ्यांची परीक्षा त्याहून अचूक ठोकळ्यांवर, आणि ही साखळी आपल्या देशात दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेपर्यंत जाते. ही प्रयोगशाळा १९५० मध्ये सुरू झाली.

दशमान आले, सूत राहिले

१९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली आणि ऑक्टोबर १९५८ पासून ती टप्प्याटप्प्याने बाजारात आली. शेर आणि मण गेले. इंच मात्र हत्यारांत आणि बोलण्यात राहिला. १९५० पासूनच्या कारागीर प्रशिक्षण योजनेतून आयटीआय उभ्या राहिल्या. फिटर आणि टर्नरचा अभ्यासक्रम शिकणाऱ्या मुलांना मिलिमीटरमध्ये व्हर्निअर वाचायला शिकवले गेले. त्यांतली बरीच मुले पुण्या-मुंबईच्या कारखान्यांत गेली, काहींनी गावी लेथ टाकले.

कायद्याची एक बाजू इथे लक्षात घ्यावी. किराणा दुकानदाराचा काटा वैध मापन विभाग ठरावीक मुदतीने तपासतो आणि त्यावर मुद्रा मारतो, कारण त्या काट्यावर विक्री होते. लेथवाल्याच्या कॅलिपरवर कोणी मुद्रा मारत नाही. मोठा कारखाना आपली हत्यारे दरवर्षी प्रयोगशाळेत पाठवून दाखला घेतो. तालुक्याच्या गावातल्या एकट्या कारागिराला हे परवडत नाही, आणि त्याच्याकडे दाखला मागणारेही कोणी नसते. त्यामुळे साखळीचा शेवटचा दुवा त्याच्या दारापर्यंत येतच नाही.

काचेतला आकडा

सत्तर-ऐंशीच्या दशकांत इलेक्ट्रॉनिक कॅलिपर आले. पट्टीवरच्या स्टिकरखाली तांब्याची बारीक नक्षी असते आणि सरकत्या भागात तशाच पट्ट्या. त्या एकमेकींवरून सरकताना त्यांच्यातली विद्युत धारिता बदलते आणि चिप त्यावरून अंतर काढते. सुरुवातीला हे महागडे काम होते. चीनमधल्या कारखान्यांनी ते मोठ्या प्रमाणावर केले आणि किंमत कोसळली.

फायदा उघड आहे. रेघ जुळवायला चष्मा लागत नाही, नवशिका चुकीचे वाचत नाही, बटण दाबले की इंचाचे मिलिमीटर होतात. सूत आणि मिलिमीटर एकत्र नांदणाऱ्या गावात ही मोठी सोय आहे. पण ०.०१ हे फक्त लघुतम माप आहे. १५० मिलिमीटरच्या चांगल्या डिजिटल कॅलिपरची अचूकता साधारण ±०.०२ असते, स्वस्ताची बहुधा ±०.०३ सांगितलेली असते. म्हणजे शेवटचा अंक दिसतो, पण त्याची हमी कोणी देत नाही.

दुसरी गोष्ट शून्याची. जुन्या व्हर्निअरचे जबडे झिजले तर मिटल्यावर शून्याच्या रेघा जुळत नाहीत आणि दोष डोळ्याला दिसतो. डिजिटलमध्ये बटण दाबले की दोष पुसला जातो. जबड्यात बारीक बुरा अडकलेला असताना बटण दाबले, तर दिवसभराची सगळी मापे तेवढ्याने चुकतात.

लांज्यातल्या दुकानासाठी

कोकणातल्या लेथच्या दुकानात चिरेखाणीच्या यंत्राचा शाफ्ट येतो, भातगिरणीचा बुश येतो, पंपाचे बेअरिंग येते. २५ मिलिमीटरच्या शाफ्टवर बेअरिंग बसवायचे तर नेहमीच्या फिटिंगमध्ये सूट काही मायक्रॉनचीच असते. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ±०.०३ चा कॅलिपर हे ठरवू शकत नाही. ढिले बसलेले बेअरिंग शाफ्टवर फिरते आणि महिन्याभरात गिऱ्हाईक परत येते. म्हणून पैसे मोजकेच असतील तर भारी डिजिटल कॅलिपरऐवजी साधा कॅलिपर आणि त्याबरोबर ० ते २५ चा चांगला मायक्रोमीटर घ्यावा. मायक्रोमीटरचे माप पट्टीच्या रेषेतच घेतले जाते. कॅलिपरचा जबडा पट्टीपासून बाजूला असतो, त्यामुळे तो थोडा कलला तरी माप चुकते. म्हणूनच कॅलिपरने मोजताना वस्तू जबड्याच्या टोकाला न धरता पट्टीजवळ धरावी.

दुकानात कॅलिपर निवडताना आधी जबडे मिटून उजेडासमोर धरावे. फटीतून उजेड दिसला तर तो परत ठेवावा. पूर्ण उघडून पुन्हा मिटल्यावर शून्यच यायला हवे, दहा वेळा केले तरी. सरकता भाग डुगडुगू नये. प्लॅस्टिकचा कॅलिपर लाकूडकामाला आणि पाइपला चालेल, लेथला नको.

स्लिप गेज नसले तरी परीक्षेची सोय बाजारात आहे. नामवंत कंपनीचे नवे ६२०४ बेअरिंग घ्यावे. त्याचा बाहेरचा व्यास ४७ मिलिमीटर असतो आणि तो फार तर ११ मायक्रॉनने कमी असू शकतो. आतले भोक २० मिलिमीटरचे, तेही फार तर १० मायक्रॉनने कमी. बाहेरच्या आणि आतल्या जबड्यांची परीक्षा एकाच वस्तूवर होते. रुंदीची सूट बरीच जास्त असते, ती धरू नये. हे बेअरिंग तेल लावून कागदात गुंडाळून ठेवावे आणि महिन्याला एकदा काढावे.

आपल्या हवेचाही विचार हवा. वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या प्रदेशात पावसाळ्यात पट्टीवर ओल बसते आणि आकडे उड्या मारू लागतात. कोरड्या फडक्याने पुसले की बहुधा सुधारतात. स्वस्त कॅलिपरची काच बंद दिसली तरी आतली चिप चालूच असते आणि सेल संपत जातो. काम नसेल तर सेल काढून ठेवावा. लेथवरून नुकताच उतरलेला शाफ्ट लगेच मोजू नये. १०० मिलिमीटरचे पोलाद पंचवीस अंशांनी तापले की सुमारे ०.०३ मिलिमीटरने वाढते, म्हणजे कॅलिपरच्या चुकीएवढेच.

१८५१ मध्ये बारीक आकडा कारागिराला परवडू लागला. आता तो जवळपास फुकट झाला आहे. योहान्सनच्या ठोकळ्यांनी जे काम केले, ते मात्र स्वस्त हत्याराबरोबर डब्यात येत नाही. लांज्यातला टर्नर ते कागदात गुंडाळलेल्या एका बेअरिंगवर करू शकतो, आणि त्याने ते केले, तर त्याच्या कॅलिपरवरचा आकडा कारखान्यातल्या दाखल्याच्या बराच जवळ येतो.