कुलाब्याची ट्राम आणि डोंबिवलीची गच्ची

"तू नक्की कशावर पीएचडी करतेस गं?" शेजारच्या काकूंनी परत विचारलं. गच्चीवरची माझी छोटी अँटेना त्यांना टीव्हीची वाटते. मी सांगते, हिचं तोंड जीसॅट-१० कडे आहे. पण खरी गोष्ट ट्रामपासून सुरू होते.

कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राच्या नोंदी होत होत्या. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर या नोंदी बिघडणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांनी अलिबागला नवी वेधशाळा उभारली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षं दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं चालली, म्हणजे जुनी आणि नवी मालिका नीट जोडता यावी. १९०७ ला ट्राम धावली.

त्या नोंदींमध्ये दिवसभरात जो चढउतार दिसतो, तो मुख्यतः सुमारे १०० किमी उंचीवर आयनोस्फिअरमध्ये वाहणाऱ्या प्रवाहांमुळे. म्हणजे 'आयनोस्फिअर' हा शब्द रूढ होण्याआधीच कुलाब्यात त्याची डायरी लिहिली जात होती!

१९७५ मध्ये अमेरिकेचा एटीएस-६ आपल्या बाजूला, ३५ अंश पूर्वेला आला. खेड्यांत टीव्ही दाखवणारा 'साइट' प्रयोग सगळ्यांना आठवतो. पण त्याच उपग्रहावर ४०, १४० आणि ३६० मेगाहर्ट्झचे रेडिओ बीकनही होते. भारतातल्या शास्त्रज्ञांनी त्यावरून इलेक्ट्रॉन मोजले. पुढे फ्लीटसॅट या अमेरिकी नौदलाच्या उपग्रहाचा २५० मेगाहर्ट्झच्या आसपासचा सिग्नल सूर्यास्तानंतर कसा थरथरतो, हेही आपल्याकडे वर्षानुवर्षं नोंदवलं गेलं.

आता आपलेच उपग्रह आहेत. विमानांसाठीच्या 'गगन' यंत्रणेचे सिग्नल जीसॅट-८ (२०११) आणि जीसॅट-१० (२०१२) वरून येऊ लागले. जीसॅट-१० हा ८३ अंश पूर्वेला. डोंबिवलीहून त्याच्याकडे जाणारी रेषा ३५० किमी उंचीवर साधारण भोर-वाईच्या वर येते, आणि तिथेच राहते. जीपीएसचे उपग्रह सरकतात, त्यामुळे बदल वेळेमुळे झाला की जागेमुळे, हे वेगळं काढावं लागतं. इथे ती कटकट नाही.

मोजायचं कसं? आयनोस्फिअर सिग्नलला उशीर लावतं, आणि कमी फ्रिक्वेन्सीला जास्त. एक चौरस मीटरच्या खांबात १०^१६ इलेक्ट्रॉन म्हणजे एक युनिट. दर युनिटला एल१ सिग्नल सुमारे १६ सेंमी मागे पडतो, एल५ सुमारे २९. फरक १३ सेंमी. त्यावरून युनिटं काढायची, बस.

पण गोम इथेच आहे. रिसीव्हर स्वतःही दोन्ही सिग्नलना थोडा वेगवेगळा उशीर लावतो. हा फरक एक नॅनोसेकंद असला, तरी उत्तर दोनहून जास्त युनिटांनी चुकतं. मी वापरते त्या मालिकेत मध्येच रिसीव्हर बदलला गेला, आणि जुना त्याच दिवशी बंद केला. एक आठवडाही दोन्ही एकत्र चालले नाहीत. त्या तारखेला आलेखात एक पायरी आहे. ती आकाशाची की यंत्राची, हे शोधण्यात माझं जवळजवळ एक वर्ष गेलं.

मूससाहेबांनी दोन वर्षं थांबून काय वाचवलं, ते मला तेव्हा कळलं. परवा गच्चीवर नवा रिसीव्हर बसवला. जुना काढलेला नाही. काकूंना सांगितलंय, पावसाळा होईपर्यंत दोन्ही राहणार.