डिस्कचे थांबे

बेलापूर ते पेंधर ही नवी मुंबई मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ रोजी सुरू झाली. तिच्या ११ स्थानकांतले तिसरे बेलपाडा. सिडकोने पनवेल तालुक्याच्या या पट्ट्यात खारघर वसवले, आणि बेलपाडा त्या वसाहतीच्या बेलापूरकडच्या दारात राहिले. जवळच, खारघर रेल्वे स्थानकासमोर, सी-डॅक या संगणक-संशोधन संस्थेचे संकुल आहे, म्हणून फाइलींच्या वेगाची गोष्ट इथून सुरू करायला हरकत नाही. राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्र १९८५ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या पोटातून निघाले आणि २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले. त्याच टाटा संस्थेत १९६० साली टिफ्रॅक हा इथेच बांधलेला संगणक चालू झाला होता. त्याची स्मृती फेराइटच्या बारीक कड्यांची होती: ४० बिटांचा एक असे २,०४८ शब्द, म्हणजे आजच्या मापाने जेमतेम १० किलोबाइट. पण त्यात हलणारा एकही भाग नव्हता. तेव्हा ‘न फिरणारी साठवण’ हे एसएसडीचे, म्हणजे चिपांवर मजकूर ठेवणाऱ्या आजच्या डिस्कचे, नवल मानण्याचे कारण नाही. कडी ही हातातल्या कामाची स्मृती होती, फाइली ठेवायचे कपाट नव्हते, हे मात्र खरे. कपाट कड्यांचे करणे कुणालाच परवडले नसते, म्हणून तबकडी फिरू लागली.

ती पहिल्यांदा फिरली १९५६ मध्ये, आयबीएमच्या रॅमॅक यंत्रात. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या, सुमारे ५० लाख अक्षरांची साठवण. हवी ती नोंद सापडायला सरासरी ६०० मिलिसेकंद लागत, आणि सापडल्यावर सेकंदाला ८,८०० अक्षरे वाचली जात. आता आजच्या टेबलावरची साधी हार्ड डिस्क घ्या. तिची तबकडी मिनिटाला ७,२०० फेरे घेते, म्हणजे एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद. हवी ती जागा हेडखाली यायला सरासरी अर्धा फेरा, त्याआधी हेड त्या वर्तुळावर सरकायला ८-९ मिलिसेकंद, असे मिळून सुमारे १३. सापडल्यावर मात्र ती सेकंदाला १५० ते २५० मेगाबाइट ओतते. म्हणजे वाहून नेण्याचा वेग सतरा हजार पटीहून जास्त वाढला, आणि शोधण्याचा पन्नास पटही नाही. माझे म्हणणे या दोन आकड्यांवर उभे आहे: हार्ड डिस्क हरली ती वाहण्यात नव्हे, शोधण्यात. दुकानात आणि जाहिरातीत तुलना होते ती नेमकी वाहण्याच्या आकड्याची.

मेट्रोतल्या प्रवाशाला हे समजावून सांगावे लागणार नाही. गाडीचा कमाल वेग कितीही असो, प्रवासाचा वेळ थांबे ठरवतात. डिस्कचा प्रत्येक शोध हा असाच एक थांबा. ४० मेगाबाइटची एकच फाइल हार्ड डिस्क पाव सेकंदात वाचून टाकते. तेवढाच मजकूर ४ किलोबाइटच्या दहा हजार फाइलींत विखुरलेला असेल, तर दहा हजार वेळा १३ मिलिसेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून जास्त. एसएसडीला प्रत्येक थांब्यावर एक दशांश मिलिसेकंद धरला, तरी सगळे काम एका सेकंदात आटोपते.

मग हे दुखणे इतकी वर्षे फारसे टोचले का नाही? कारण बाकीचा रस्ता त्याहून खडबडीत होता. १९८९ मध्ये त्याच सॉफ्टवेअर केंद्रातून अमेरिकेतल्या यूयूनेट या नेटवर्क-सेवेशी जोडलेली तार सेकंदाला ९,६०० बिट नेई. त्या तारेवरून एक गिगाबाइट पाठवायचा तर साडेनऊ दिवस रात्रंदिवस बसावे लागले असते. अशा काळात डिस्कला संथ कोण म्हणणार? तार रुंद झाली, प्रोसेसर धावू लागला, आणि फिरती तबकडी एकाएकी अडथळा ठरली. तोशिबातल्या फुजिओ मासुओका यांनी १९८० च्या दशकात शोधलेली फ्लॅश स्मृती तोवर स्वस्त होत आली होती. २००८ मधली इंटेलची एक्स२५-एम सेकंदाला २५० मेगाबाइटपर्यंत वाची, पण लिहिताना ७०-८० वर घसरे. अखंड लिहिण्यात चांगली हार्ड डिस्क तिला मागे टाकू शकत होती. तरीही ती बसवली की जुना लॅपटॉप नवा झाल्यासारखा वाटे. श्रेय अर्थात थांब्यांना.

यावर कुणी म्हणेल, आजची एनव्हीएमई एसएसडी सेकंदाला ७,००० मेगाबाइट वाचते, मग वाहण्यातही हार्ड डिस्क हरलीच की. हरली, कबूल. पण तो आकडा हाती यायला दुसऱ्या टोकालाही तेवढीच चपळ डिस्क हवी. जुन्या यूएसबी २.० च्या वायरीतून दोन्ही प्रकारच्या डिस्क ३०-४० मेगाबाइटच्या आसपासच रेंगाळतात. शिवाय स्वस्त एसएसडी सुरुवातीचा मजकूर आपल्या वेगवान कप्प्यात घेते. लग्नाच्या चित्रीकरणासारखी शेकडो गिगाबाइटची फाइल आली आणि तो कप्पा भरला की तिचा लिहिण्याचा वेग कधीकधी हार्ड डिस्कच्याही खाली जातो.

दुसरा आक्षेप असा की हे सगळे शवविच्छेदन आहे, हार्ड डिस्क तर मेलीच. घरच्या लॅपटॉपातून ती गेली, पण एका टेराबाइटमागे ती अजून एसएसडीहून बरीच स्वस्त पडते, आणि मोठ्या डेटा सेंटरांत न हलवता ठेवायचा मजकूर तिच्यावरच राहतो. तिथे थांबे कमी, धाव लांब. फक्त धावही आता फार लांब झाली आहे. १९८० मधली सीगेटची ५ मेगाबाइटची एसटी-५०६ तिच्या कागदावरच्या वेगाने आठ सेकंदांत पूर्ण वाचून होई. आजची २० टेराबाइटची डिस्क २५० मेगाबाइटच्या वेगाने, एकही थांबा न घेता, पहिल्या वर्तुळापासून शेवटच्यापर्यंत वाचायला २२ तास लागतात.