२५६ बाइटांची किल्ली

कपाटाची किल्ली हरवली की आपण किल्लीवाल्याला बोलावतो. कपाट आपलेच आहे हे त्याला पटले की तो कानशीने घासून दुसरी किल्ली करून देतो. पण कुलूप यंत्राच्या पोटात असेल आणि त्याची किल्ली मालकाला कधी दिलेलीच नसेल तर? संगणकयुगात हा प्रश्न कसा उभा राहिला आणि कसा सुटला, याचे एक चांगले उदाहरण मुलांच्या आवडीच्या वस्तूत सापडते. ती वस्तू म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळण्याचे यंत्र, गेम कन्सोल.

मायक्रोसॉफ्ट कंपनीचा एक्सबॉक्स १५ नोव्हेंबर २००१ रोजी अमेरिकेत विक्रीस आला. किंमत होती २९९ डॉलर. आतून तो जवळजवळ घरगुती संगणकच होता. ७३३ मेगाहर्ट्झचा इंटेलचा प्रोसेसर, ६४ मेगाबाइट स्मृती आणि ८ गिगाबाइटची हार्ड डिस्क असा त्याचा संसार होता. यंत्र स्वस्तात द्यायचे आणि नफा गेम्सच्या विक्रीतून मिळवायचा, ही या धंद्याची जुनी रीत. त्यामुळे चोरून नकललेले गेम यंत्रावर चालू नयेत, म्हणून कंपनीने ठिकठिकाणी कुलपे बसवली. हार्ड डिस्कचे कुलूप त्यांपैकीच एक.

हे कुलूप कंपनीने नव्याने शोधलेले नव्हते. त्या काळच्या हार्ड डिस्कमध्ये पासवर्डची सोय प्रमाणित तंत्राचा भाग म्हणून असे. पासवर्ड लावलेली डिस्क वीज मिळताच ‘मी अमुक आहे’ एवढे सांगते, पण वाचण्या-लिहिण्याच्या आज्ञा नाकारते. पाच वेळा चुकीचा पासवर्ड दिला, तर वीज बंद करून पुन्हा सुरू करेपर्यंत नवा प्रयत्नही ती स्वीकारत नाही. येथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. चकतीवरची माहिती या कुलपामुळे सांकेतिक होत नाही. ती जशीच्या तशी असते. फक्त दारावरचा पहारेकरी आत सोडत नाही.

मग पासवर्ड कोठे होता? तो तयार स्वरूपात कोठेच लिहिलेला नव्हता. मदरबोर्डवर ईईप्रॉम नावाची छोटी चिप असते. वीज गेली तरी तिच्यातील माहिती टिकते. तिच्या २५६ बाइटांत, सांकेतिक रूपात, त्या एका कन्सोलपुरती गुप्त संख्या होती. ही संख्या आणि डिस्कचा मॉडेल व अनुक्रमांक यांवर गणिती प्रक्रिया करून प्रत्येक वेळी १६० बिटांचा पासवर्ड काढला जाई. १६० बिटांच्या शक्यता किती? २ चा १६० वा घात, म्हणजे सुमारे १.४६ गुणिले १० चा ४८ वा घात. अंदाजाने किल्ली सापडणे अशक्यच.

याचा परिणाम असा, की डिस्क आणि मदरबोर्ड यांची गाठ पक्की बांधली गेली. मदरबोर्ड जळला की चांगली डिस्क मुकी होई. डिस्क बिघडली आणि नवी जोडली, तर कुलूप नसलेली डिस्क पाहून कन्सोल पडद्यावर ५ हा त्रुटी क्रमांक दाखवून थांबे.

ही गाठ उकलली ती अभ्यासाने. अमेरिकेतील एमआयटी या संस्थेत अँड्र्यू हुआंग हे तेव्हा पीएच. डी. करत होते. यंत्र सुरू होताना सर्वांत आधी चालणारी ५१२ बाइटांची आज्ञावली एका चिपच्या आत लपवलेली होती. चिप फोडून वाचणे कठीण. पण ती आज्ञावली प्रोसेसरकडे जाताना दोन चिपांमधील तारांवरून उघडीच जात होती. हा प्रवास इतका वेगवान, की तो कोणी टिपू शकणार नाही असे गृहीत धरलेले. हुआंग यांनी खास सर्किट बांधून तो टिपला आणि मे २००२ मध्ये आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. तिजोरी भक्कम असली तरी किल्ली हातात धरून रस्त्याने जाताना ती दिसतेच! सुरुवातीची आज्ञावली वाचता आल्यावर पुढच्या आज्ञावली उलगडत गेल्या आणि डिस्कच्या पासवर्डची रीतही समजली.

दरम्यान एक साधी युक्तीही प्रचारात आली. डिस्क एकदा उघडली की वीज जाईपर्यंत उघडीच राहते. म्हणून कन्सोलला स्वतःच कुलूप उघडू द्यायचे आणि वीज तशीच ठेवून फक्त माहितीची तार संगणकाला जोडायची. (उघड्या कन्सोलमध्ये घातक व्होल्टेज असते, त्यामुळे हा शाळेत करण्याचा प्रयोग नव्हे.) बिघडलेल्या आज्ञावलीवरही उपाय निघाला. पहिल्या आवृत्त्यांत फ्लॅश चिपची एक तार शून्य व्होल्टला जोडली, की यंत्र तिच्याऐवजी मदरबोर्डवरील दुसऱ्या जोडणीतून आज्ञावली वाची. तेथून सुरू झालेल्या यंत्रावर मूळ चिप पुन्हा लिहिता येई.

आज याला महत्त्व का? बहुतेक जुन्या एक्सबॉक्समध्ये घड्याळासाठी बसवलेला कपॅसिटर कालांतराने गळतो आणि त्यातील द्रव मदरबोर्डच्या तांब्याच्या रेषा खातो. चिप वाचता येईनाशी झाली की किल्ली गेली. ज्याने २५६ बाइट वेळीच उतरवून ठेवले, त्याला नव्या डिस्कसाठीही पासवर्ड काढता येतो. २५६ संख्या, प्रत्येक ० ते २५५ मधली. वहीच्या एका पानावर मावतील!

अशा ज्ञानाची वाट कायद्यानेही अडवली होती. अमेरिकेच्या १९९८ च्या कायद्याने डिजिटल कुलूप उघडणे हाच गुन्हा ठरू शकतो. हुआंग यांचे या विषयावरील पुस्तक प्रकाशकाने सोडून दिले, तेव्हा २००३ मध्ये त्यांनी ते स्वतः काढले. २०१३ मध्ये त्यांनी ते सर्वांना विनामूल्य खुले केले. २००५ च्या एक्सबॉक्स ३६० मध्ये तर डीव्हीडी वाचणारा भागही मदरबोर्डशी जखडलेला होता. असा भाग दुरुस्त करण्यापुरती सूट अमेरिकेत ऑक्टोबर २०२१ मध्ये मिळाली, तीही दुरुस्तीनंतर कुलूप पुन्हा लावण्याच्या अटीवर.

कुलूप लावण्यामागे कंपनीचे कारण खरे होते, पण विकत घेतलेली वस्तू दुरुस्त करण्याची मालकाची गरजही तितकीच खरी. आता ट्रॅक्टरपासून मोबाइलपर्यंत अनेक यंत्रांत अशी कुलपे आहेत. ‘किल्ली कोणाकडे असावी?’ हा प्रश्न वर्गात मांडून पाहावा. गणित, वीज आणि नागरिकशास्त्र हे तीनही विषय एकाच तासाला भेटतील.