हिंग-ओव्यापासून पाचक पुडीपर्यंत

दवाने ओला असलेला कोवळा लसूणघास उपाशी गाईने भराभर खाल्ला, की थोड्याच वेळात तिची डावी कूस नगाऱ्यासारखी ताणते. गोडेतेलात हिंग आणि ओवा कालवून ते बांबूच्या नळकांड्यातून पाजायचे, हा त्यावरचा गावोगावचा जुना उपाय. आज कोपरगावच्या गोठ्यात पेंडीच्या पोत्याशेजारी वनस्पतिजन्य 'पाचक' पुडी दिसते आणि गाय ठणठणीत असतानाही ती रोज खुराकात पडते. पुडी त्या हिंग-ओव्याचीच थेट वारस असल्याचे आपण मानतो. मला ही वंशावळ इतकी सरळ वाटत नाही. मध्ये कालवा आहे, ऊस आहे, संकरित गाय आहे आणि परदेशात मांसासाठी पोसलेली गुरेही आहेत.

जुन्या उपायात मोठी समज होती. लसूणघासातल्या प्रथिनांमुळे कोठीपोटात, म्हणजे पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात, टिकाऊ फेस होतो. वायू त्या फेसात अडकतो आणि ढेकरेवाटे बाहेर पडू शकत नाही. गोडेतेल हा फेस मोडते. ओव्यातले थायमॉल जंतुनाशक आहे, त्यामुळे आंबवण मंदावायला मदत होते. (पाजताना मान फार उंच केली तर तेल श्वासनलिकेत जाऊन जनावर दगावते, हेही जाणती माणसे बजावत.) अग्निपुराणातल्या गवायुर्वेदात गुरांच्या दुखण्यांसाठी सुंठ, सैंधव, तेल आहे. पण तिथेही औषध मुख्यतः दुखण्यासाठीच. कडबा खाऊन औत ओढणाऱ्या बैलाला रोजच्या पाचकाची गरज नव्हती. कोरडा चारा तो सावकाश रवंथ करी, आणि त्या चघळण्यातून सुटणारी लाळच पोटातले आम्ल आवरत असे.

हे चित्र पाण्याने बदलले. नांदूर मधमेश्वरच्या बंधाऱ्यातून निघालेले गोदावरीचे डावे-उजवे कालवे आणि 1916 च्या सुमाराचे दारणा धरण यांनी कोपरगावचा हा अवर्षणी पट्टा बागायती केला. मागोमाग साकरवाडीला खासगी कारखाना आला, नंतर कोळपेवाडी आणि सहजानंदनगरचे सहकारी. हंगामात उसाचे वाढे मुबलक आणि स्वस्त मिळू लागले. पण वाढ्यांतले ऑक्झॅलेट चाऱ्यातले कॅल्शियम बांधून ठेवते. म्हणून त्यांच्यावर चुन्याची निवळी शिंपडायचा सल्ला पशुवैद्य देतात.

मग दूध आले. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने होल्स्टीन, जर्सी आणि गीर यांच्या संकरातून 'फुले त्रिवेणी' घडवली. तालुक्यात गोदावरी खोरे दूध संघाची संकलन केंद्रे उभी राहिली. जास्त दूध देणाऱ्या गाईला केवळ वैरणीवर भागत नाही. तिला मका, पेंड, गोळी लागते. हा पिष्टमय खुराक कोठीपोटात झपाट्याने आंबतो, आम्ल साचते, तंतू पचवणारे जिवाणू मागे पडतात. रोजच्या पाचकाची मागणी इथे जन्मली. सहारनपूरच्या 'हिमालयन बत्तीसा'सारखी तयार चूर्णे बाजारात आधीपासून होतीच. आजारावरचे चूर्ण हळूहळू रोजच्या दावणीत आले.

पुडीचा दुसरा धागा मांसासाठी पोसलेल्या गुरांकडून येतो. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गोहत्येवर बंदी आली, 2015 मध्ये ती बैल आणि वळूंनाही लागू झाली. त्यामुळे मांसासाठी गोवंश पोसण्याचा धंदा इथे नाही. अमेरिकेत मात्र धान्यावर वाढवलेल्या मांसाच्या गुरांना 1970 च्या दशकापासून मोनेन्सिन हे प्रतिजैविक देऊ लागले. ते कोठीपोटातल्या ठरावीक जिवाणूंना दाबते, प्रोपियोनिक आम्ल वाढवते, मिथेन घटवते. युरोपीय संघाने 1 जानेवारी 2006 पासून वाढीसाठी प्रतिजैविके खाऊ घालणे बंद केले. त्यांच्या जागी काय, हे शोधताना संशोधक लसूण, लवंग, दालचिनी, ओव्याच्या कुळातली तेले, टॅनिन आणि सॅपोनिन यांकडे वळले. आजच्या पुडीमागचे शास्त्र बहुतांशी या शोधातून आले आहे, आणि गोठ्याच्या जुन्या ज्ञानाची आपल्याकडे नोंद झाली नाही, हे मला खुपते.

जनावराने खाल्लेल्या ऊर्जेचा 2 ते 12 टक्के वाटा मिथेन होऊन निसटतो. बंगळुरूच्या राष्ट्रीय पशुपोषण संस्थेने टॅनिनयुक्त वनस्पतींपासून 'हरित धारा' हे पूरक खाद्य तयार केले. त्याने मिथेन 17 ते 20 टक्क्यांनी घटते, असे संस्था सांगते. मला हे काम फार मोलाचे वाटते. पण टॅनिन प्रमाणाबाहेर गेले की प्रथिनांचे पचनच अडते, आणि तेलांना तर कोठीपोटातले जिवाणू काही आठवड्यांत सरावतात. म्हणून पुडी विकणाऱ्याने घटकांचे प्रमाण सांगितलेच पाहिजे. आणि घेणाऱ्याने ती सुरू करण्याआधी खुराक दिवसातून दोन-चार वेळा विभागून द्यावा, ओला घास थोडा सुकवून, कडब्याच्या कुट्टीत मिसळून घालावा. या दोन गोष्टींना पैसा लागत नाही, आणि त्या न करता घातलेली कोणतीही पुडी वाया जाते.