इंजिन कोणी धुतले, बोअर कोणी मोजला?

गिरणी कामगारांचा इतिहास लिहिला गेला, रेल्वे कामगारांचा थोडाफार लिहिला गेला. परंतु झिजलेले इंजिन उतरवून ते पुन्हा बांधणाऱ्या माणसाकडे आपल्या अभ्यासकांचे फारसे लक्ष गेलेले नाही. वास्तविक जात आणि कसब यांचा संबंध समजून घ्यायचा असेल तर इंजिन रिकंडिशनिंगच्या धंद्याइतकी सोयीची जागा दुसरी नाही. हा धंदा कोणत्याही स्मृतीत किंवा बलुत्यात सापडत नाही. मोटारच विसाव्या शतकातली. तेव्हा वडिलोपार्जित कसबाचा दावा येथे कोणालाच करता येत नव्हता. तरीही कारखान्यात जात आली, आणि ती कशी आली हे पाहण्यासारखे आहे.

त्यासाठी आधी काम समजून घ्यावे लागेल. गाडी धूर मारू लागली, तेल खाऊ लागली, चढणीला दम तोडू लागली की इंजिन खोलतात. पिस्टन वर-खाली होताना सिलिंडरच्या भिंतीवर एका बाजूने जास्त दाब देतो, त्यामुळे गोल भोक हळूहळू लंबगोल होते. क्रँकचे जर्नलही तसेच झिजतात. मग सिलिंडर बोअर करून पुन्हा गोल करायचा आणि त्यात मोठ्या मापाचा पिस्टन घालायचा. क्रँक घासून बारीक करायचा आणि त्याला तितक्याच जाड बेअरिंगा बसवायच्या. मापे ठरलेली असतात : दहा, वीस, तीस थाउ. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. शेवटचे मापही संपले की ब्लॉकमध्ये लायनर ठोकून इंजिन पुन्हा मूळ मापावर आणतात. दोन-तीन थाउंची चूक झाली तर पिस्टन भरधाव चालताना जाम होतो.

परंतु बोअर करण्याआधी आणखी एक काम असते. इंजिन गाडीखालून उतरवायचे, काळे जळके तेल काढायचे, ब्लॉक कॉस्टिकच्या उकळत्या पाण्यात टाकायचा, हेडवरचा कार्बन खरवडायचा, एकेक सुटा भाग रॉकेलमध्ये धुवायचा. हात फुटतात, नखांतला काळेपणा जात नाही. म्हणजे एकाच छपराखाली दोन कामे : एक धुण्याचे, दुसरे मोजण्याचे. धुणाऱ्याला रोजंदारी, मोजणाऱ्याला हुद्दा. ज्या समाजाने हजारो वर्षे घाण एकाकडे आणि ज्ञान दुसऱ्याकडे दिले, त्याला ही विभागणी अगदी ओळखीची वाटली असणार.

बाबासाहेबांनी ती फार लवकर ओळखली होती. १९३६ मध्ये त्यांनी जातीला श्रमांची नव्हे तर श्रमिकांचीच विभागणी म्हटले. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू हे त्या भाषणातले सूत्र सर्वांना पाठ आहे. त्याच भाषणातला दुसरा भाग मात्र क्वचितच सांगितला जातो. रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अस्पृश्य मेकॅनिक विरळा, फोरमन किंवा चार्जमन तर जवळजवळ नाहीच, तो हमाल म्हणून येतो आणि हमालच राहतो, अशी त्यांची तक्रार होती. गिरणीत विणकामाच्या खात्यातून अस्पृश्यांना वगळायला तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागतो एवढे निमित्त तरी होते. मायक्रोमीटरला कोणी तोंड लावत नाही. तरी तो मिळाला नाही.

१९४२ मध्ये मजूरमंत्री झाल्यावर बाबासाहेबांनी त्याच वर्षी ऑक्टोबरच्या अखेरीस व्हाइसरॉयला जे निवेदन दिले, त्यात सरकारी छापखाने आणि रेल्वे वर्कशॉप येथे अस्पृश्य मुलांना उमेदवार म्हणून घ्यावे, अशी मागणी आहे. वकिली आणि कारकुनी यांच्याबरोबर लेथही त्यांना हवा होता. आपल्या चळवळीने पुढे पदव्यांचा जेवढा ध्यास घेतला तेवढा या मागणीचा घेतला नाही, असे माझे मत आहे.

युद्ध संपले आणि ‘डिस्पोजल’च्या लष्करी गाड्या बाजारात आल्या. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला राज्य परिवहनाची पहिली बेडफर्ड सुटली. १९५७ च्या सुमारास परकीय चलनाची चणचण झाली, आयातीवर बंधने घट्ट झाली. नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे. अशा देशात इंजिन फेकून देणे कोणालाच परवडणारे नव्हते. एस. टी.च्या दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा येथील मध्यवर्ती कार्यशाळा या गरजेतूनच वाढल्या. सरकारी भरतीतले आरक्षण आणि १९५० पासून निघालेल्या आय. टी. आय. यांच्या दाराने आपली मुले फिटर, टर्नर, मोटार मेकॅनिक म्हणून आत शिरली. धुण्याच्या हौदापासून ग्राइंडिंग मशिनपर्यंतचे दहा-पंधरा पावलांचे अंतर कापायला कायदा लागला.

आणखी एक कायदा होता. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात १९७३ साली ३-अ हे कलम घातले गेले. त्याने अनुसूचित जाती-जमातींसाठी प्रशिक्षणाच्या जागा राखून ठेवल्या, आणि हा कायदा खाजगी मालकालाही लागू आहे. खाजगी क्षेत्रात आरक्षण नाही म्हणणाऱ्यांनी हे कलम एकदा वाचावे. अर्थात शहरातल्या छोट्या गॅरेजांना त्याची झळ कधीच लागली नाही. तेथे उस्ताद आणि चेला, मेहुणा आणि पुतण्या यांचेच राज्य. ओळख असेल तर पोरगा पाना हातात धरतो, नसेल तर झाडू. दसऱ्याला लेथला हार पडतो, मायक्रोमीटरला कुंकू लागते. त्याच दिवशी आपले कितीतरी मेकॅनिक नागपूरला दीक्षाभूमीवर असतात. दोन्ही गोष्टी एकाच दिवशी याव्यात, याला योगायोग म्हणून सोडून द्यावेसे मला वाटत नाही.

आता इंजिनच जायला निघाले आहे. मुंबईची पद्मिनी टॅक्सी कितीदा बोअर होऊन धावत राहिली, ती २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून गेली. १ जून २०२२ रोजी पुणे–अहमदनगर याच जुन्या वाटेवर एस. टी.ची विजेवरची ‘शिवाई’ धावली. तिच्यात सिलिंडर नाही, क्रँक नाही, धुवायला काजळी नाही. काजळी गेली याचे दुःख करण्याचे कारण नाही. परंतु विजेच्या गाड्या कंत्राटदाराच्या मालकीच्या येऊ लागल्या, आणि त्यांची देखभाल करणारी माणसेही त्याचीच. महामंडळाच्या भरतीची बिंदुनामावली त्याच्या फाटकाशी थांबते. बॅटरी उघडून तिचे माप घेणारा नवा कारागीर तेथे तयार होतो आहे. ३-अ कलमाखाली त्या डेपोंत शिकाऊ उमेदवारांच्या किती जागा ठरल्या आणि किती भरल्या, हे प्रत्येक जिल्ह्यातल्या कार्यकर्त्यांनी माहितीच्या अधिकारात शिकाऊ उमेदवारी सल्लागाराच्या कार्यालयाकडून लेखी मागवावे. डेपोंची संख्या आज थोडी आहे, तेवढ्यातच हे काम सोपे आहे.