शस्त्र कायदा : रद्द करण्याची मागणी आणि परवान्याचे सातत्य

लॉर्ड लिटन यांच्या काळातील १८७८ च्या शस्त्र कायद्याने हिंदी माणसास परवाना सक्तीचा केला. युरोपियनांना मात्र सूट होती. हा भेद सुशिक्षितांना अपमानास्पद वाटला. १८८७ च्या मद्रास काँग्रेसने कायद्यात बदल मागितला. १९३१ च्या कराची ठरावाच्या सुधारित मसुद्यात, नियमांस अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क समाविष्ट झाला.

डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामथ यांनी हाच हक्क राज्यघटनेत मागितला. डॉ. आंबेडकरांनी त्यास विरोध केला. तो ठराव परकीय सत्तेच्या परिस्थितीतून आला होता. आता असा हक्क गुन्हेगारांनाही मिळेल, आणि शस्त्रधारण हे हक्कापेक्षा कर्तव्य मानावे, असे त्यांचे प्रतिपादन होते. संविधान सभेने दुरुस्ती फेटाळली.

१९५९ च्या कायद्याने १८७८ चा कायदा रद्द झाला, परवाना मात्र राहिला. सांगोल्यातील शेतकऱ्यालाही पीकसंरक्षणाच्या बंदुकीसाठी परवाना घ्यावाच लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने बंदुकांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली.

थोडक्यात, मूळ मागणीचा गाभा शस्त्रापेक्षा समता हा होता. परंतु शस्त्राचा हक्क नाकारणाऱ्या राज्यावर नागरिकाच्या रक्षणाची जबाबदारी अधिकच येते, हे विसरता येणार नाही.