पट्टा, खटका आणि कामगाराचा हात

सोलापुरातील पहिली कापडगिरणी १८७७ साली सुरू झाली. पुढे ती ‘जुनी गिरणी’ या नावाने ओळखली गेली. त्या काळच्या गिरण्यांत वाफेच्या इंजिनाची गती छताखालील शाफ्टांवर येई व तेथून चामडी पट्ट्यांनी एकेका मागास मिळे. एका मागासाठी इंजिन थांबविणे शक्य नसल्याने, माग गतीपासून अलग करण्याची सोय मागापाशीच असणे भाग होते.

ही सोय दोन पुल्यांच्या जोडीने साधली जाई. त्यांपैकी एक मागाच्या दांड्यावर पक्की बसविलेली, दुसरी मोकळी. पट्टा मोकळ्या पुलीवर सरकविला, की तो फिरत राही. माग मात्र थांबे. पट्टा सरकविणारी मूठ स्प्रिंगच्या ताणाविरुद्ध एका खाचेत अडकविलेली असे. इंग्लंडात केनवर्दी व बुलो यांनी १८४१ साली या मुठीस आडव्या धाग्याची चाहूल घेणारा काटा जोडला. धागा तुटताच मूठ खाचेतून सुटे व माग आपोआप थांबे.

याचा अर्थ असा, की थांबणे ही यंत्राची स्वाभाविक अवस्था आणि चालणे ही राखून ठेवलेली अवस्था, हे तत्त्व मागाच्या रचनेतच होते. मात्र ते योजिले गेले कापडाच्या रक्षणासाठी. मजुराच्या हाताचे रक्षण कायद्याकडून यावे लागले. हिंदुस्थानातील १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याने यंत्रांच्या धोकादायक भागांना कठडे घालण्याची तरतूद केली. १९४८ च्या कायद्यातील २४ व्या कलमाने पट्टा सरकविण्यासाठी योग्य साधन असावे आणि पट्टा आपोआप पक्क्या पुलीवर परतू नये, असे बंधन घातले. चालत्या यंत्राजवळील कामासाठी २२ व्या कलमाने खास शिकविलेला प्रौढ पुरुष कामगार व अंगासरशी वस्त्रे आवश्यक ठरविली.

बागेत गवत कापणाऱ्या इंजिनयुक्त यंत्रांत पट्ट्याच्या क्लचची रचना वेगळी असते. तेथे मोकळी पुली नसते. पट्टाच सैल ठेवलेला असतो. दांडी दाबली, की एक लहान पुली त्यास ताण देते व पाते फिरू लागते. हात सुटताच स्प्रिंग ती पुली मागे ओढते, पट्टा घसरतो आणि पात्याची गती तुटते. मागातील खाचेची जागा येथे प्रत्यक्ष माणसाच्या हाताने घेतली आहे. धागा तुटला तर यंत्र थांबावे, हा विचार आधी सुचला. हात सुटला तर यंत्र थांबावे, हा त्याचाच उशिरा लागलेला अर्थ होय.